पॅरिस कराराचे पैसे आमच्या रानाला मिळतील का?

तुमच्या प्रश्नावरून मला समजलं ते असं. पाटण तालुक्यात, कोयनेच्या बाजूला, भावकीचं साठ एकर मालकी रान. सातबारा सामाईक, वीसेक खातेदार. रानाला लागून देवराई, वरच्या अंगाला सडा, म्हणजे जांभ्याचं उघडं पठार. पुण्याहून कार्बन कंपनीचा माणूस येऊन गेला. तो म्हणाला, पॅरिस करारामुळे, म्हणजे देशादेशांतल्या २०१५ च्या हवामान करारामुळे, आता जंगल राखणाऱ्याला डॉलरमध्ये पैसे मिळतात, चाळीस वर्षांचा करार करा, देवराईही त्यात घालू, सड्यावर झाडं लावू. यात तथ्य किती आणि सही करावी का, हे तुम्ही विचारताय. आणि शेवटी मनातलंही लिहिलंय, की आज्या-पणज्यांनी रान राखलं, त्याचं जगाला काहीच मोल नाही का?

मी कराडला असतो. कार्बन प्रकल्पांसाठी रानं मोजायचं काम करतो, सातारा-सांगलीत जास्त. माझं काम कंपन्यांकडूनच येतं, हे आधीच सांगून ठेवतो. पुढचं वाचताना ते ध्यानात असू द्या.

पहिली गोष्ट, तुम्हाला देऊ केलेले पैसे पॅरिस कराराचे नाहीत. तो आहे खासगी, ऐच्छिक बाजार. परदेशातली एखादी विमान कंपनी किंवा सॉफ्टवेअर कंपनी 'आम्ही आमचं प्रदूषण भरून काढलं' असं सांगण्यासाठी क्रेडिट, म्हणजे टनाच्या हिशोबात कार्बन वाचवल्याचं प्रमाणपत्र, विकत घेते, ते पैसे. बाजार खरा आहे, त्यात वावगं काही नाही. पण त्यामागे ना भारत सरकारची हमी आहे ना संयुक्त राष्ट्रांची. पॅरिस कराराच्या कलम ५ मध्ये जंगलं राखा, वाढवा, आणि त्यासाठी पैशाच्या व्यवस्थेला प्रोत्साहन द्या असं म्हटलंय, पण ते देशांना उद्देशून. एखाद्या गावाला किंवा शेतकऱ्याला त्यातून हक्काने काही मागता येत नाही. एका देशाने दुसऱ्याला कार्बन विकायची वाट कलम ६ मध्ये आहे. त्यासाठी केंद्र सरकारने २०२३ मध्ये १३ प्रकारच्या कामांची यादी काढली. हरित हायड्रोजन, समुद्रातल्या पवनचक्क्या, असली कामं. जंगल त्यात नव्हतं.

का नव्हतं, हे समजायला थोडं मागे जावं लागेल. तुमच्या मनातल्या प्रश्नाचं उत्तरही तिथेच आहे.

१९९२ चा रिओचा हवामान करार झाला तेव्हापासून जंगलाचं महत्त्व सगळ्यांना मान्य आहे. माणूस जेवढा कार्बन डायॉक्साइड हवेत सोडतो त्यातला साधारण ३०% जमिनीवरची झाडं-माती शोषून घेतात. १९९७ च्या क्योटो करारात श्रीमंत देशांवर कपातीचं बंधन आलं आणि गरीब देशांतल्या प्रकल्पांकडून क्रेडिट घ्यायची सोय झाली. तिचं नाव क्लीन डेव्हलपमेंट मेकॅनिझम, सीडीएम. २००१ मध्ये माराकेशला नियम ठरले आणि उभं जंगल राखण्याचं काम त्यातून वगळलं गेलं. नवीन झाडं लावली तर चालतील, तीही ३१ डिसेंबर १९८९ ला जिथे जंगल नव्हतं अशाच जमिनीवर, आणि मिळणारी क्रेडिटही तात्पुरती. युरोपच्या कार्बन बाजाराने तर तीही घेतली नाहीत.

आता तुमच्याच तालुक्याकडे बघा. वनकुसवड्याच्या पठारावर पवनचक्क्या फिरतात. सातारा-सांगलीतल्या काही पवनचक्की प्रकल्पांची सीडीएमखाली नोंद झाली होती. पठारावरच्या पात्याला कार्बनचा भाव मिळू शकत होता, खालच्या दरीतल्या रानाला मात्र दमडी नव्हती. कारण हिशोबात होतं. पवनचक्कीने किती युनिट वीज दिली ते मीटरवर दिसतं, आणि तेवढी वीज कोळशाने केली असती तर धूर किती झाला असता हे काढता येतं. रानाचं काय? ते उभं आहे, पण तुटणार होतं का? आज राखलं, उद्या वणवा लागला तर? तुम्ही तोड थांबवली आणि ठेकेदार पलीकडच्या गावात गेला तर हवेला काय फरक पडला? आणि एवढी जंगलं एकदम बाजारात आली तर क्रेडिट मातीमोल होतील आणि श्रीमंत देश घरचा धूर कमी करणारच नाहीत, ही भीतीही होती. ती अगदीच खोटी नव्हती.

२००५ मध्ये माँट्रियलच्या परिषदेत पापुआ न्यू गिनी आणि कोस्टा रिका यांनी हा विषय पुन्हा काढला. त्यांचं म्हणणं, आमच्याकडे जंगल वेगाने तुटतंय, मागच्या वर्षांच्या सरासरीपेक्षा तोड कमी केली तर फरकाचे पैसे द्या. कल्पना पटण्यासारखी होती. पण तोड आधीच आवरलेल्या देशाला यात काय मिळणार? भारतात १९८० चा वनसंवर्धन कायदा झाल्यापासून वनजमीन दुसऱ्या कामाला वळवण्यावर लगाम आला होता. गावात दारू सोडणाऱ्याचा सत्कार होतो, कधी घेतलीच नाही त्याला कुणी शाल-नारळ देत नाही, तशातली गत. म्हणून भारताने राखल्याचाही मोबदला द्या, वाढवल्याचाही द्या, अशी भूमिका लावून धरली. २००७ मध्ये बालीच्या परिषदेत ती विषयपत्रिकेत आली. 'रेड प्लस' हे नाव तुम्ही ऐकलं असेल. 'रेड' म्हणजे जंगलाची तोड आणि ऱ्हास कमी केल्याचा मोबदला. त्यातल्या 'प्लस'मध्ये जंगल राखणं, शाश्वत वापर आणि साठा वाढवणं आलं ते याच मागणीमुळे. म्हणजे तुमच्या मनात जी खदखद आहे तीच आपल्या देशाने तिथे मांडली होती.

कागदावर मिळालं. पण २०१३ मध्ये वॉर्सात तपशील ठरले तेव्हा पैसे 'निकालावर' मिळतील असं ठरलं आणि निकाल देशाने मोजायचा. आधीची पातळी ठरवायची, उपग्रहाने नि जमिनीवर मोजणी करायची, स्थानिकांच्या हक्कांचं काय केलं ते कळवायचं. भारताने अशी संदर्भ पातळी २०१८ मध्ये संयुक्त राष्ट्रांकडे दिली. ब्राझीलला ग्रीन क्लायमेट फंड या आंतरराष्ट्रीय हवामान निधीतून २०१९ मध्ये सुमारे ९.६ कोटी डॉलर मंजूर झाले, कारण ॲमेझॉनमध्ये तोड उतरलेली आकड्यांत दिसत होती. जे आधीपासून शांतपणे राखलेलं आहे ते आकड्यांत दिसतच नाही. २०२५ मध्ये बेलेमच्या हवामान परिषदेत ब्राझीलने उभ्या जंगलासाठी हेक्टरी वर्षाला ४ डॉलरच्या आसपास देणारा वेगळा निधी सुरू केला. तिथे मोजमाप 'काय बदललं' याच्याऐवजी 'काय उभं आहे' यावर आलं. पण तेही पैसे सरकारांना मिळणार आहेत.

भारताची अडचण आणखी एक आहे. २०३० पर्यंत झाडांमधून २.५ ते ३ अब्ज टन कार्बन डायॉक्साइड जादा शोषून घेऊ, असं आपण २०१५ मध्ये जगाला सांगितलंय. तुमच्या रानातला टन दुसऱ्या देशाने त्याच्या हिशोबात घेतला तर तो आपल्याला आपल्या खात्यात धरता येत नाही. मग सरकार तो विकायला सहज तयार होईल का?

आता तुमच्या रानाकडे येऊ. ऐच्छिक बाजारातही कळीचा प्रश्न तोच आहे. हा करार झाला नसता तर या रानाचं काय झालं असतं?

याचं उत्तर कंपनीच्या कागदांपेक्षा रानातच लवकर सापडतं. आम्ही मोजणीला जातो तेव्हा ३१.६२ मीटर बाजूचा चौकोन दोरीने आखतो, म्हणजे एक दशांश हेक्टर. आतल्या प्रत्येक झाडाचा घेर छातीच्या उंचीला, १.३७ मीटरवर, टेपने घेतो, खडूने खूण करतो, पुढच्या झाडाला जातो. पण टेप लावायच्या आधी मी बुंधे बघतो. अंजनी, जांभूळ, गेळा, पिसा यांच्या एकेका खुंटाला पाच-सहा फुटवे आणि सगळे मनगटाएवढे किंवा मांडीएवढे असतील, तर ते रान दहा-पंधरा वर्षांच्या फेऱ्याने उक्तं विकलं जातंय हे सांगायला कुणी लागत नाही. ठेकेदार येतो, उभ्या रानाचा सौदा करतो, लाकूड वीटभट्टीला नाहीतर कोळशाला जातं, भावकीत पैसे वाटले जातात. असं रान आता दहा वर्षांचं झालं असेल आणि या वेळी तुम्ही ते विकणार नसाल, तर तुमच्याकडे विकण्याजोगा कार्बन आहे.

उलट रानात दोन माणसांच्या कवेत न मावणारे आंबे, हिरडे, कुंभे उभे असतील, खुंट शोधूनही दिसत नसतील आणि ठेकेदाराची गाडी तिथवर जाऊच शकत नसेल, तर ते रान तुटणारच नव्हतं. सह्याद्रीच्या दृष्टीने ते अमोल. बाजाराच्या दृष्टीने त्यात 'जादा' काही नाही. हे अन्यायाचं वाटतं, मलाही वाटतं. त्यातून इथल्या लोकांनी कोयनेच्या धरणाला जमिनी दिल्या, पुढे चांदोली आणि कोयनेच्या अभयारण्यांना गावं दिली. पण कंपनीने अशा रानालाही मोठा आकडा दाखवला तर समजा की आकडा कुठेतरी फुगवलाय. २०२३ च्या जानेवारीत ब्रिटन-जर्मनीच्या पत्रकारांनी जगातल्या सगळ्यात मोठ्या प्रमाणन संस्थेची रेड प्रकल्पांची क्रेडिट तपासून लिहिलं, की त्यातल्या बहुतेकांनी प्रत्यक्षात कार्बन वाचवलेला दिसत नाही. त्या संस्थेने हे मान्य केलं नाही, पण खरेदीदार तेव्हापासून बिचकले ते बिचकलेच. फुगवलेला आकडा आज खपला तरी पुढच्या तपासणीत तो उघडा पडतो, आणि करारावर सही तुमची असते.

कायद्याचीही एक मेख आहे. राज्यात १९६४ पासून वृक्षतोड कायदा आहे, हिरडा, आंबा, जांभूळ यांसारखी झाडं मालकीची असली तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. मग तपासणारा विचारतो, कायद्यानेच बंदी आहे तर तुम्ही वेगळं काय वाचवलं? कायदा असूनही या भागात तोड होते, हे पुराव्याने दाखवावं लागतं. जुनी परवानगीपत्रं, उपग्रहाची जुनी चित्रं, ठेकेदाराच्या सौद्याचे कागद. ते तुमच्याकडे आहेत का, यावर बरंच अवलंबून आहे.

बरं, पैसे किती? आकडा मी ढोबळ धरतो, तुमचं रान न पाहता नेमकं सांगणं शक्य नाही. साठ एकर म्हणजे २४ हेक्टर. कोरड्या लाकडाच्या वजनातला जवळपास निम्मा भाग कार्बन, त्याला ३.६७ ने गुणलं की कार्बन डायॉक्साइड. फुटव्याच्या रानाला सांभाळलं तर हेक्टरी वर्षाला ३ टन जादा धरू. झाले ७२ टन. टनाला ७०० रुपये धरा, तर वर्षाला ५० हजार. वणव्यासारख्या नुकसानीसाठी काही क्रेडिट राखीव खात्यात ठेवावी लागतात, २०% धरली तर उरले ४० हजार. कंपनी निम्मे घेते म्हणाली तर २० हजार. वीस खातेदारांत वाटले की माणशी वर्षाला एक हजार रुपये. भाव दुप्पट मिळाला तर दोन हजार.

आणि यात नोंदणी, मोजणी, बाहेरच्या संस्थेची तपासणी यांचा खर्च धरलेलाच नाही. तो लाखांत जातो, साठ एकरांच्या जिवावर निघत नाही. म्हणून अशा प्रकल्पात हजारो हेक्टर एकत्र आणावे लागतात. मेघालयात खासी टेकड्यांमध्ये लोकांनी स्वतः चालवलेला रेड प्लस प्रकल्प आहे, त्यात मॉफलांगच्या प्रसिद्ध देवराईचा परिसर येतो. तिथे साठेक गावं आणि सुमारे २७ हजार हेक्टर रान एकत्र आलंय. तिथे जमीन समाजाची, त्यांचं पारंपरिक शासन अजून चालतं. आपल्याकडे एका सातबाऱ्यावर वीस नावं, त्यातली निम्मी मुंबईला. तिथलं जमलं म्हणून इथलं जमेलच असं नाही.

कागदाचा विषय निघालाच आहे तर सातबारा नीट वाचा. इतर हक्कात 'खाजगी वन' असा शेरा असेल तर थांबा. १९७५ च्या कायद्याने अशा जमिनी ३० ऑगस्ट १९७५ पासून सरकारजमा झाल्यात, तुमची वहिवाट असली तरी कराराला मालकी लागते. वर्ग २ ची जमीन असेल तर तहसील कार्यालयात विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका. मयतांच्या वारसनोंदी राहिल्या असतील तर आधी त्या करून घ्या, कारण चाळीस वर्षांत एखादा नातू उभा राहणार आणि 'माझ्या आज्याची सही कुठाय' म्हणणार, हे मी लिहून देतो.

देवराई या करारात घालू नका. पहिलं म्हणजे ती बहुधा भावकीची नसतेच, देवस्थानची, वनखात्याची नाहीतर महसूलची असते. दुसरं, ती कुणी तोडणारच नव्हतं, त्यामुळे तिच्यात 'जादा' कार्बन दाखवायचा म्हणजे 'आम्ही देवराई तोडणार होतो' असं लिहून द्यायचं! गावाला हे चालेल का, ते गावाने ठरवावं. तिच्या संरक्षणासाठी गावाला खरंच काही करायचं असेल तर २००६ च्या वनहक्क कायद्याचा मार्ग बघा. जागा वनजमीन असेल तर ग्रामसभा सामूहिक वनहक्काचा दावा करू शकते. गडचिरोलीत मेंढा-लेखाला २००९ मध्ये असा हक्क मिळाला. आदिवासी नसलेल्यांना १३ डिसेंबर २००५ च्या आधी तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षं, तिथे राहून वनावर अवलंबून असल्याचे पुरावे द्यावे लागतात. किचकट आहे, वेळ लागतो.

सड्यावर झाडं लावायची कल्पना मात्र ऐकूनच अंगावर काटा आला. जांभा दगडावर बोटभर माती, पावसाळ्यात पाणी साचतं, त्यावर तेरड्याचे, सीतेच्या आसवांचे गालिचे फुलतात. कास बघायला लोक तिकीट काढून जातात ते याचसाठी. तिथे झाड मुळात नाही ते कुणी तोडलं म्हणून नाही, ते तिथे नसतंच. खड्डे खणून, बाहेरची माती टाकून रोपं जगवली तरी कार्बन नगण्य, आणि सड्याचा सत्यानाश. माण-खटाव, जत, आटपाडीच्या गवताळ माळांचंही तेच. मेंढपाळांचं चरण जातं, लांडगा-माळटिटवीचं घर जातं, आणि कागदावर 'पडीक जमिनीवर वनीकरण' असं लागतं. माळावरच्या गवतानेही मातीत कार्बन साठवलेला असतो हे सोयीने विसरलं जातं. भारताच्या वन सर्वेक्षण अहवालांनुसार जंगलातला निम्म्याहून जास्त कार्बनसुद्धा मातीतच आहे. माती उकरून सुरुवात केली तर आधी तोच जातो.

मग सही करायची का? एवढ्या माहितीवर मी नको म्हणेन, पण कंपनीला हाकलूनही देणार नाही. रान फुटव्याचं असेल, सातबारा स्वच्छ असेल आणि आजूबाजूच्या पाच-दहा गावांतले रानमालक एकत्र येणार असतील, तर बोलणी करण्यासारखी आहेत. नाहीतर चाळीस वर्षांचं जोखड माणशी हजार रुपयांसाठी घेऊ नका. संगमेश्वर-देवरुखकडे खासगी रानमालकांशी ठरावीक वर्षांचे साधे संरक्षण करार झालेत. तोडायचं नाही, त्या बदल्यात गावाला किंवा मालकाला ठरावीक मदत. कार्बनचा हिशोब नाही, डॉलर नाही, पण मुदत पेलण्याजोगी आणि भाषा कळण्याजोगी. तुमच्यासाठी मला ते जास्त जवळचं वाटतं.

तो माणूस पुन्हा येईल तेव्हा घाईने होकार देऊ नका, काही गोष्टी लेखी मागा. मसुदा मराठीत. आधारपातळी, म्हणजे करार नसता तर रानाचं काय झालं असतं याचा अंदाज, कशी काढली, उपग्रहाच्या कुठल्या वर्षांच्या चित्रांवरून. क्रेडिट कुणाला आणि काय भावाला विकली याचे कागद दरवर्षी दाखवणार का, की 'नफ्यातला वाटा' एवढंच मोघम लिहिलंय. यातला 'नफा' हा शब्द फार फसवा आहे, विक्रीच्या रकमेतला वाटा मागा. वणवा लागला तर भरपाई तुमच्याकडून वसूल होणार का. फेब्रुवारीत जाळरेषा काढायची मजुरी कोण देणार. घरच्या चुलीपुरतं लाकूड, हिरडा, चराई यांचे हक्क करारात शब्दशः आहेत का. कंपनीने करार दुसऱ्याला विकला किंवा ती बुडाली तर तुम्ही मोकळे होणार का. आणि पाच वर्षं एक पैसाही आला नाही तर बाहेर पडायची वाट आहे का.

यातली दोन उत्तरं 'बघू नंतर' अशी आली तरी तिथेच थांबा. आणि त्याआधी, फुकटात करता येण्यासारखं काम म्हणजे एकदा रानात जाऊन खुंट बघून या. एकेका खुंटाला किती फुटवे, केवढ्या जाडीचे, शेवटची तोड कुठल्या साली झाली, भावकीतल्या जाणत्या माणसाला सोबत नेऊन विचारा आणि इथे लिहा. त्यावरून पुढचं बरंच नेमकं सांगता येईल.